एमजीबीचा कुजलेला सायलेन्सर: पाइप बडोद्यात करा, डबे तयार घ्या

प्रश्न : काकांची १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, ही दोन सीटांची उघडी ब्रिटिश गाडी, आता माझ्याकडे आली आहे. इंजिन छान चालतं, कार्ब्युरेटर मूळचेच दोन, एसयू कंपनीचे आहेत. मागचा सायलेन्सर खालून कुजून फुटलाय, पुढच्या डब्याला दोन ठिकाणी ठिगळं आहेत, आणि गाडी सुरू केली की अर्धी गल्ली गॅलरीत येते. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. इंग्लंडहून मूळ धाटणीचा साध्या लोखंडाचा पूर्ण सेट मागवणं. तिथूनच स्टेनलेसचा मोठ्या व्यासाचा स्पोर्ट्स सेट ट्युब्युलर मॅनिफोल्डसकट, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यासकट, घेणं. किंवा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) सगळंच स्टेनलेसमध्ये बनवून घेणं. आमचे मिस्त्री म्हणतात, अडीच इंची पाइप टाका, मागे एकच डबा ठेवा, गाडी मोकळी होईल. गाडी रविवारी सकाळी गावात फिरते आणि अधूनमधून एक्सप्रेस वेने अहमदाबादला जाते. काय करावं?
– म. जो., दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : तिन्हींतला एकही पर्याय जसाच्या तसा घेऊ नका. मॅनिफोल्ड मूळचं बिडाचं आहे तेच राहू द्या. पाइपाचा व्यास पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४ मिलिमीटर, तोच ठेवा आणि डबे दोनच्या दोन बसवा. पाइप मकरपुऱ्यात ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसमध्ये करून घ्या. डबे मात्र सायलेन्सरच बनवणाऱ्या कंपनीचे तयार मागवा. केमिकल प्लांट आणि डेअरीच्या कामामुळे बडोद्यात स्टेनलेसचं वेल्डिंग अव्वल दर्जाचं होतं. डब्याच्या पोटातलं काम हा मात्र वेगळा धंदा आहे.

मिस्त्रींना एक गोष्ट आजच सांगून ठेवा: जुना सेट गॅसकटरनं तुकडे करून काढायचा नाही. कुजका असला तरी नव्या पाइपाचा नमुना तोच आहे. मागच्या एक्सलपाशी पाइपाला जी वळणं आहेत ती कागदावर उतरवणं महाकठीण, पण जुना पाइप टेबलावर ठेवला तर फॅब्रिकेटर तासाभरात त्याची जिग, म्हणजे साचा, लावतो. काढण्याआधी गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करा, टाकी अर्धी भरलेली असू द्या. मग प्रत्येक वळणापाशी पाइपाच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत आणि वरच्या कडेपासून फ्लोअरपर्यंत अंतर मोजून खडूनं पाइपावरच लिहा. टेलपाइप बंपरच्या किती मागे येतो आणि किती खाली राहतो, तेही टिपा. कुठे कापावंच लागलं तर सरळ भागात, हॅक्सॉनं, आणि कापण्याआधी दोन्ही बाजूंना जुळणीची रेघ मारून.

डाउनपाइप, म्हणजे मॅनिफोल्डपासून खाली उतरणारा पाइप, मॅनिफोल्डला धरणारे नट पितळी असतात. लोखंडी स्टडवर पितळी नट गंजून धरत नाही, म्हणून ते मुद्दाम तसे असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी इंजिन थोडं कोमट करून मग पाना लावा. नट अडला तर पुढेमागे हलवत काढा, एकदम जोर लावू नका. स्टड मॅनिफोल्डच्या कडेला तुटला तर एका नटाच्या कामाचं दोन दिवसांचं ड्रिलिंग होतं. बाजारात इथे हमखास घोळ होतो. या गाडीवर आटे यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापाचे बारीक, आहेत. पाच-सोळांश इंचाचा स्टड ७.९४ मिलिमीटरचा, त्यामुळे आठ मिलिमीटरचा मेट्रिक नट त्याला ‘बसतो’ असं वाटतं. पण यूएनएफला इंचात २४ आटे, म्हणजे आट्याचं अंतर १.०६ मिलिमीटर, मेट्रिक नटाचं १.२५. तो दोन आटे मजेत चढतो, तिसऱ्याला अडतो, आणि दामटला की स्टडचे आटे खरवडून निघतात. नवे पितळी यूएनएफ नट आणि फ्लँजमधल्या (जोडाच्या चपट्या कडेमधल्या) सीलच्या रिंगा डब्यांच्या ऑर्डरमध्येच मागवून घ्या. रिंग एकदा दाबली गेली की पुन्हा वापरायची नाही.

आता मॅनिफोल्ड. ट्युब्युलर मॅनिफोल्डचं आकर्षण समजतं, पण या इंजिनाची रचना पाहिली तर त्यात फारसं हाती लागत नाही. १७९८ सीसीच्या या बी-सिरीज इंजिनाच्या हेडला धुराची तोंडं चार नाहीत, तीनच आहेत: पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचं एकेक, आणि मधल्या दोघांचं मिळून एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे मधल्या तोंडातून तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरचा धूर समान अंतरानं येतो, बाहेरच्या दोन तोंडांतूनही तसाच. मूळच्या बिडाच्या मॅनिफोल्डनं हे दोन प्रवाह वेगळे ठेवलेले आहेत. मधल्या तोंडाची एक वाट, बाहेरच्या दोघांची मिळून दुसरी, आणि ते एकत्र येतात ते खाली, जोड डाउनपाइपच्या शेवटी. ट्युब्युलर मॅनिफोल्डही हेच करतं. कॅमशाफ्ट आणि हेड मूळचं असेल तर दोघांतला फरक गाडी चालवताना जाणवण्याइतका नसतो.

तोटे मात्र लगेच जाणवतात. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एकाच स्टडच्या ओळीवर, एका जाड वॉशरखाली दोन्ही फ्लँज दाबून बसवलेले असतात. नव्या मॅनिफोल्डचा फ्लँज इनटेकच्या फ्लँजपेक्षा पातळ किंवा जाड निघाला तर वॉशर एकाच बाजूला दाबतो आणि दुसरी बाजू गळते. मग पायरीचे वॉशर बनवून घेत बसा. दुसरी गोष्ट उष्णतेची. कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाट्या मॅनिफोल्डच्या शेजारीच आहेत. पातळ नळ्या बिडापेक्षा जास्त धग फेकतात, आणि पुष्कळदा कार्ब्युरेटरखालचा पत्र्याचा हीटशील्ड त्यांना अडतो म्हणून तो कापला जातो. बडोद्याच्या मे महिन्यात, सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिल्यावर, वाटीतलं पेट्रोल उकळून गाडी बंद पडते ती अशी. मूळचा हीटशील्ड आणि कार्ब्युरेटरमागचे उष्णतारोधक ठोकळे जागेवर आहेत का, ते या निमित्तानं पाहून घ्याच.

बिडाचं मॅनिफोल्ड उतरवलं तर त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर फ्लँजचं तोंड मशीनवर सपाट करून घ्या. तडा गेलेला असेल तर थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू येते आणि गरम झाल्यावर बंद होते. मॅनिफोल्डला कापडी पट्टी गुंडाळायला कोणी सुचवलं तर नको म्हणा. पावसाळ्यात ती पट्टी ओल धरून ठेवते.

अडीच इंची पाइपाचा सल्ला का मोडून काढावा लागतो, ते आकड्यांत पाहा. पाइपाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पावणेदोन इंचावरून दोन इंचाला गेलात तर ते तीस टक्क्यांनी वाढतं. अडीच इंचाला दुपटीहून जास्त होतं. साधारण ९५ हॉर्सपॉवरच्या या इंजिनाला एवढी वाट लागतच नाही. धुराचा वेग निम्म्यावर येतो, तो वाटेतच गार होतो, पाणी जास्त साठतं, पाइप जड होतो आणि जमिनीकडे १९ मिलिमीटर जास्त उतरतो. गाडी ‘मोकळी’ झाल्यासारखी वाटते ती आवाज वाढल्यामुळे.

आवाजाचंही गणित आहे, आणि तुम्ही एक्सप्रेस वेवर जाता म्हणून ते महत्त्वाचं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला शंभर वेळा. शंभर हर्ट्झचा हा घुमारा छोट्या उघड्या गाडीत कानांपेक्षा छातीत जास्त बसतो. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) नसलेली एमजीबी चौथ्या गिअरमध्ये ८५ किलोमीटरला जवळपास याच आरपीएमवर असते, आणि ओव्हरड्राइव्ह असलेली साधारण १०५ला. म्हणजे तुमचा ९३ किलोमीटरचा एक्सप्रेस वे बहुतेक सगळा याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास जाणार. एकच सरळ डबा लावलेली गाडी गॅरेजच्या दारात सुरेख वाटते; नडियाद येईपर्यंत डोकं धरतं.

याचं कारण डब्याच्या आत आहे. सायलेन्सरचे डबे मुख्यतः दोन तऱ्हेचे. सरळ डब्यात मधून भोकांची नळी आरपार जाते आणि तिच्याभोवती काचेच्या धाग्यांचं भरण असतं. हे भरण तीक्ष्ण, करकरीत आवाज शोषतं, खालचा घुमारा त्याला आवरत नाही. पडद्यांच्या डब्यात आतमध्ये खोल्या असतात, धूर एका खोलीतून दुसरीत वळतो, आणि तिथे खालच्या लहरी मरतात. दोन डबे असले की कामाची वाटणी करता येते. आमची शिफारस पुढचा सरळ आणि मागचा पडद्यांचा अशी आहे. वाट पुरेशी मोकळी राहते, घुमारा मागे मरतो, आणि गाडीचा मूळचा भरदार स्वर टिकतो.

डबा तयारच घ्या असं म्हणण्याचं कारण ते भरण. सायलेन्सरचं चांगलं भरण लांब धाग्याचं असतं आणि भोकांच्या नळीवर आधी स्टेनलेसच्या बारीक तारेचा थर गुंडाळलेला असतो, म्हणजे धूर धागे ओढून नेत नाही. सर्वसाधारण फॅब्रिकेटरकडे असतं ते पाइपलाइनच्या इन्सुलेशनचं काचवूल. त्यातला चिकटवणारा डिंक पहिल्याच लांब फेरीत जळतो, दर खेपेला थोडे थोडे तुकडे टेलपाइपमधून उडून जातात, आणि काही महिन्यांत हातात रिकामा डबा उरतो. वेल्डिंग कितीही देखणं असो, आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा होतो. पडद्यांच्या डब्यात तर खोल्यांची मापं चुकली की सगळंच चुकतं.

पैशांच्या दृष्टीनंही हाच मार्ग बरा. कुरिअरवाले वजनापेक्षा आकारमान धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारानं भागायचं. १२० × ४० × ३० चं खोकं त्यांच्या हिशेबी २८.८ किलोचं ठरतं, आत बारा किलोचा माल असला तरी. वाकडेतिकडे लांब पाइप सातासमुद्रापलीकडून आणणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. दोन डबे, रिंगा, नट आणि रबरं एका आटोपशीर खोक्यात मावतात.

साध्या लोखंडाचा सेट आम्ही तुम्हाला सुचवत नाही, कारण तुमचा वापर. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन आणि पाइप नीट तापले तर ते वाफ होऊन निघून जातं. रविवारी सकाळी दांडिया बाजारातून रेसकोर्सला एक चक्कर मारून परतलेल्या गाडीत ते मागच्या डब्यातच बसतं, कारण सगळ्यांत गार तोच. त्यात जळणाची आम्लं मिसळतात. तुमचा मागचा डबा खालूनच फुटला तो यामुळे, बाहेरच्या पावसामुळे नव्हे. म्हणून वरून कितीही रंग मारला तरी उपयोग नसतो. ॲल्युमिनियम चढवलेला पत्रा थोडा जास्त टिकतो, पण वेल्डच्या रेषेवर तो थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. नव्या मागच्या डब्याला सगळ्यांत खालच्या बिंदूवर तीन मिलिमीटरचं भोक आहे का पाहा. नसेल तर पाडून घ्या.

स्टेनलेसमध्येही डोळे उघडे ठेवा. बाजारात ‘एसएस’ म्हणून जे स्वस्तात मिळतं ते पुष्कळदा २०१ किंवा २०२ असतं. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं आणि ते धुराच्या ओलाव्यात गंजतं. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती इथे फसते, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. उलट ४०९ ला चिकटतो, तरी ते सायलेन्सरसाठी चांगलं स्टेनलेस आहे. तपकिरी पडतं, पण बराच काळ टिकतं. नळीचं मिल टेस्ट सर्टिफिकेट (कारखान्याच्या तपासणीचा दाखला) मागा. बडोद्यात केमिकल प्लांटच्या कामामुळे धातूचे घटक दाखवणाऱ्या गनची तपासणी, पीएमआय, सहज करून मिळते. क्रोमियम अठराच्या आणि निकेल आठ टक्क्यांच्या आसपास दिसलं पाहिजे. निकेल चार-पाच दिसलं तर नळी परत. फॅब्रिकेटर ३१६ घ्या म्हणेल, त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना तेच लागतं; तुम्हाला त्या जादा खर्चाचा काही फायदा नाही.

मापाची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. डेअरीच्या नळ्या ३८ आणि ५१ मिलिमीटरमध्ये दुकानात पडून असतात, तुमची ४४.४ ची बहुधा मागवावी लागेल. ‘एवढा फरक काय पडतो’ म्हणून ३८ ची गळ्यात मारून घेऊ नका, ती वाट खरंच अडवेल. ४४.४ मिळालीच नाही तर पुढच्या डब्यापासून मागे ५१ चालेल, जमिनीकडची सहा मिलिमीटर जागा जाते हे लक्षात ठेवून. नळीचं माप नक्की झाल्यावरच डबे मागवा. डब्याच्या तोंडाचा आतला व्यास नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर जास्त हवा. ही मापं व्हर्नियरनं घ्या, टेपनं नाही. पत्र्याची जाडी १.५ किंवा १.६ मिलिमीटर घ्या; १.२ ची नळी हलकी असते खरी, पण तिचा आवाज पत्र्यासारखा झणझणतो.

फॅब्रिकेटरला काय सांगायचं? वळणं मॅन्ड्रेल बेंडिंगची हवीत, म्हणजे वळणात नळी चपटी होत नाही. जोड आर्गन वेल्डिंगचे, ३०८एल तारेचे. डाउनपाइपचा जुना लोखंडी फ्लँज वापरायचा असेल तर त्या एका जोडाला ३०९एल. आणि वेल्ड करताना नळीच्या आतूनही आर्गन सोडायचा. हे शेवटचं वाक्य ठासून सांगा, कारण सायलेन्सरचं काम म्हटलं की ‘दुधाची लाइन थोडीच आहे’ म्हणून ते टाळलं जातं. तपासायला सोपं आहे. पहिला जोड झाल्यावर नळीच्या टोकातून टॉर्च मारून आत पाहा. आर्गन सोडला असेल तर आतली रेघ गुळगुळीत आणि सोनेरी-निळसर दिसते. सोडला नसेल तर तिथे करडी-काळी, खरखरीत, दाणेदार पपडी दिसेल. बोट फिरवलं तर टोचते. तिथलं क्रोमियम जळून गेलेलं असतं, स्टेनलेसचा स्टेनलेसपणा संपलेला असतो, आणि पाइपाला पहिली चीर जाते ती नेमकी त्या कडेला.

त्याच वेळी डाउनपाइपच्या दोन नळ्या एकत्र आल्यानंतर साधारण फूटभर अंतरावर एक एम१८ × १.५ आट्याचा बंग, म्हणजे आटे पाडलेली बुशी, वेल्ड करून घ्या आणि बोल्टनं बंद ठेवा. कार्ब्युरेटर जुळवताना त्यात ऑक्सिजन सेन्सर बसवता येतो. बंगाचं तोंड आडव्या रेषेच्या वर असावं, नाहीतर सेन्सरमध्ये पाणी जमतं. तुमची गाडी १९६६ ची, म्हणजे त्या काळच्या एमजीबीप्रमाणे तिचं पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) असणार, कुणी मधल्या काळात बदललं नसेल तर. सेन्सरचा मीटर गाडीच्या बॅटरीला जोडू नका, वेगळी बॅटरी वापरा. नाहीतर मीटर जळतो.

सेट तीन तुकड्यांत सुटेल असा करा: डाउनपाइप, मधला पाइप पुढच्या डब्यासह, मागचा डबा टेलपाइपसह. जोडांत पुढचा पाइप मागच्याच्या आत जायला हवा, ४० ते ५० मिलिमीटर. यू-बोल्टचे क्लॅम्प वापरू नका. ते नळीला खाच पाडतात आणि पुढच्या वेळी जोड सुटत नाही. रुंद पट्टीचे क्लॅम्प घ्या आणि त्यांचा बोल्ट बाजूला किंवा वर येईल असे फिरवा. खाली लोंबणारा बोल्ट स्पीडब्रेकरवर सगळ्यांत आधी घासतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसीच्या) मापानं बांधलेला स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच असतो, तुमच्या गाडीखाली जेमतेम १२-१३ सेंटिमीटर मोकळी जागा, आणि गल्लीबोळातले ब्रेकर कुठल्या मापानं बांधतात ते तुम्ही रोज पाहता. पुढच्या डब्याची खालची बाजू फ्लोअरच्या सगळ्यांत खालच्या कडेच्या फार खाली जाऊ देऊ नका. गोल डब्याऐवजी लंबगोल मिळाला तर लंबगोलच घ्या.

लटकवण्याकडे लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात आणि त्यामुळेच चांगले सेट तुटतात. स्टेनलेस लोखंडापेक्षा जास्त फुगतं. तीन मीटरचा पाइप सरासरी तीनशे अंशांनी तापला तर लोखंडी अकरा मिलिमीटरच्या आसपास लांबतो, ३०४ चा पंधरा. ही लांबी मागेच जायला हवी, म्हणून मागचे आधार रबराचेच हवेत आणि थंड असताना थोडे पुढे झुकलेले. कुणी ‘खडखड नको’ म्हणून मागचा डबा सरळ बॉडीला पट्टीनं आवळून टाकला तर ताण मॅनिफोल्डच्या स्टडवर येतो. इंजिनाचे माउंट दबलेले असतील तर तेही आधी बदला. इंजिन डुलतं आणि डाउनपाइप त्याच्याबरोबर. पाइप आणि बॉडी यांत चोहीकडे किमान २० मिलिमीटर मोकळे ठेवा. ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि सीटांमागच्या बॅटरीच्या पेटीपाशी जास्तच हवे. मोजमाप दोनदा करा: एकदा मागचं एक्सल पूर्ण लोंबत असताना, एकदा मागच्या बाजूला दोन माणसांचं वजन टाकून स्प्रिंग दाबलेल्या असताना. रॅम्पवर सगळं ठीक दिसतं आणि पहिल्या खड्ड्यात एक्सल पाइपाला ठोकतं, हे नेहमीचं.

बसवताना आधी सगळा सेट सैल लटकवा, पुढून मागे. डाउनपाइपचे नट हातानं लावा, मग डबे सरळ करा, टेलपाइप बंपरला समांतर आणा, आणि त्यानंतरच पुढून मागे आवळत जा. मॅनिफोल्डचे नट उतरवले असतील तर मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, २० न्यूटन-मीटरच्या आसपास. स्टेनलेसच्या बोल्टला स्टेनलेसचा नट कोरडा लावू नका, अर्ध्यावर कायमचा धरतो; तांब्याचं किंवा निकेलचं अँटीसीझ (आटे धरू न देणारी पेस्ट) लावा. गाडीवर वेल्डिंग शक्यतो नकोच. टाका मारावाच लागला तर बॅटरीची वायर काढा, आणि टाकीच्या जवळपास तर मुळीच नको. गळती शोधायला व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू टेलपाइपला कापडानं बांधा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसले की जागा सापडली. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून फटफट आवाज येत असेल तर बहुतेक वेळा एखाद्या जोडातून हवा आत जात असते.

मग कार्ब्युरेटर. कुजका सेट जाऊन बंदिस्त सेट आला की जुळणी बदलतेच, शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यावर मूळची जुळणी आधीच फिकी पडते, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. दोन्ही एसयूंचा हवेचा ओघ आधी सारखा करा, मग मिश्रण थोडं थोडं दाट करत या. वीसेक किलोमीटर चालवून, वेगातच इंजिन बंद करून, गाडी थांबल्यावर प्लग काढा: फिकट बदामी हवा. पांढरा दिसला तर चालवत राहू नका, व्हॉल्व्ह जळतात. पीयूसीला अशा जुन्या पेट्रोल गाडीसाठी आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. जोडातून हवा आत येत असेल तर तिथला आकडा फसवा येतो, म्हणून आधी गळती, मग जुळणी, मग पीयूसी.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, गाडी कितीही जुनी असो. आवाजाची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय लायसन्स तीन महिने जातं. पुढे २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी करायची असेल तर गाडी पन्नास वर्षांवरची लागते आणि चॅसी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून पाइप बसत नाही या कारणानं फ्लोअर किंवा टनेल (फ्लोअरमधला गिअरबॉक्सवरचा उंचवटा) कापायची वेळ आणू नका. आणि त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, हेही अर्ज करण्याआधी पाहा. लक्ष्मी विलास पॅलेसवर जानेवारी २०२३ मध्ये झालं तसं जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन पुन्हा इथे भरलं आणि गाडी परीक्षकांपुढे न्यायची इच्छा झाली, तर झगमगीत पॉलिश मूळ गाडीशी विसंगत दिसेल. त्यासाठी स्टेनलेस आधीच मॅट फिनिशचं ठेवायला सांगा. टेलपाइपचं टोकही साधंच ठेवा, रुंद चकचकीत टिप लावू नका.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी पूर्ण गार झाल्यावर सगळे नट आणि क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा, त्यानंतर पाचशेला. दोन्ही आवळणी होईपर्यंत जुना सेट भंगारवाल्याला देऊ नका. एखादं वळण पुन्हा करायची वेळ आली तर मापं त्यावरच लिहिलेली आहेत.